भाकरीची चोरी

गेल्या वर्षी तुळशीची लग्ने लागली त्या आठवड्यात आम्ही घरी एक कुत्री आणली. ‘आणली’ हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरतो आहे. ती आपण होऊन आली नाही. आम्ही तिला आणली. या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे हे कळायला मला पुढचे चार-सहा महिने लागले, आणि आज जे सांगायचे आहे ते बहुतेक त्या अंतरातच आहे.

जिल्ह्याच्या गावाबाहेर, नदी ओलांडल्यावर, जखमी आणि बेवारशी कुत्र्यांचा एक निवारा आहे. पत्र्याचे छप्पर, जाळीच्या खोल्यांची एक रांग आणि तीसचाळीस गळ्यांतून एकदम निघणारा आवाज. माझी मुलगी त्या रांगेसमोरून हळूहळू चालत होती आणि मी तिच्या मागून. प्रत्येक जाळीशी एखादे कुत्रे उभे राही, शेपटी हलवी, आपले असेल नसेल ते कसब पणाला लावी. मला त्या वेळी फार अवघडल्यासारखे झाले. निवड करण्याचा अधिकार आपल्या हाती आहे आणि समोरच्याला तो अधिकार ठाऊक आहे, ही स्थिती माणसाला शोभत नाही. शेवटच्या खोलीत एक तांबूस कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने वळूनही पाहिले नाही. मुलगी म्हणाली, “ही.”

मागच्या पायाचे हाड मोडून वाकडे जुळलेले, डाव्या कानाचा शेंडा नसबंदीची खूण म्हणून कापलेला, वय अंदाजे तीन वर्षे. निवाऱ्यातली माणसे तिला लंगडी म्हणत. मुलीने येतानाच तिचे नाव तारा ठेवले. मी कागदावर सही केली तेव्हा मनात जे उमटले ते सांगून टाकतो. मला मी बरा माणूस आहे असे वाटले. गल्लीत दोघातिघांनी “पुण्य लागेल तुम्हाला” असे म्हटले तेव्हा मी तोंडाने “छे, छे” म्हणालो, पण ते शब्द खिशात जपून ठेवले.

आपल्याकडे मुक्या जिवांवरच्या दयेला मोठी परंपरा आहे. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम निघाला तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकाने बंद झाली, लष्कर बोलवावे लागले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. जवळजवळ दोनशे वर्षांनी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, दिल्लीतली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि अकरा दिवसांत त्या आदेशात बदल करून, नसबंदी व लसीकरण झालेली, पिसाळलेली किंवा अंगावर धावणारी नसलेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडण्यास सांगितले. ज्याच्या पोराला कुत्रे चावले त्याचा राग खरा आहे. ज्याच्या दारचे कुत्रे गाडीत कोंबून नेले त्याचे दुःखही खरे आहे. या वादात मला आज शिरायचे नाही. मला दिसते ते एवढेच, की मारावे, कोंडावे, सोडावे की पाळावे या सगळ्या चर्चेत जागा कोणी द्यायची हा प्रश्न असतो. जागा मिळालेल्याने तिथे कसे राहायचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. जागा दिली की आपले काम संपले असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो.

तारा घरात आली आणि सरळ न्हाणीघराच्या कोपऱ्यात पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसली. तीन दिवस ती तिथून हलली नाही. ताटलीत दूधभात ठेवावा, सकाळी तसाच मिळावा. किंवा रात्री सगळे निजल्यावर कधीतरी चाटूनपुसून साफ झालेला मिळावा. आमच्यासमोर ती एक शीत उचलीत नसे. हात पुढे केला की अंग चोरून जमिनीला चिकटे. खराटा नुसता भिंतीला टेकवला तरी जागच्या जागी लघवी करी. मला सर्वांत चमत्कारिक वाटले ते मागच्या दाराचे. परसात ऊन पडलेले असे, दार सताड उघडे असे, आणि ही उंबऱ्यापाशी येऊन थांबे. बाहेर पाही. मग वळून पिंपामागे जाई. तिला कोणी अडवलेले नव्हते.

निवाऱ्यातल्या माणसाने निघताना एक हिशेब सांगितला होता. तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला आणि तीन महिने हे घर आपले वाटायला. तो म्हणाला होता, “हा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे; एखाद्याला वर्ष लागतं. डोळ्यांत रोखून बघू नका, वरून डोक्यावर हात ठेवू नका, पाहुण्यांना दाखवू नका. जेवण ठरल्या वेळी, ठरल्या जागी. बाकी काही करू नका.” मला त्यातले ‘काही करू नका’ हेच सर्वांत अवघड गेले. उपकार करणाऱ्याला काही न करता बसणे जमत नाही. त्याला पोच हवी असते. मी शाळेतून आलो की पिंपाशी उकिडवा बसून “तारा, तारा” अशा हाका मारी. ती जांभई देई, ओठ चाटी, मान फिरवी. कुत्र्याच्या भाषेत ‘मला त्रास होतो आहे, दूर हो’ याला हीच अक्षरे आहेत, हे मला नंतर कळले. त्या वेळी मला तिचा थोडा रागच आला. इतके करूनही हिला काही नाही, हे वाक्य माझ्या मनात आले तेव्हा आपण ते पूर्वी कुठेतरी ऐकले आहे असे मला अंधुकसे वाटले.

उघड्या दारातून बाहेर न जाणाऱ्या कुत्र्यांवर अमेरिकेत एक प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी तो 1967 साली प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले की ते थांबवणे त्यांच्या हाती होते. काहींना असे, की काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर दोन्ही कुत्र्यांना बुटक्या आडभिंतीच्या पेटीत ठेवले. पलीकडे उडी मारली की सुटका. पहिली कुत्री उडी मारून गेली. दुसऱ्या गटातली बरीचशी आडवी होऊन धक्के सोसत राहिली. प्रयोग क्रूर होता आणि तसला प्रयोग आज कोणी करू पाहील तर त्याला अडवलेच पाहिजे. पण त्याची पुढली हकीकत मला अधिक विचारात पाडते. या ‘शिकलेल्या असहायते’वर जगभर पुस्तके लिहिली गेली, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे सांगितले की आपण गोष्ट उलटी समजलो होतो. असहायता शिकावी लागत नाही. सतत मार बसला की निपचित पडणे हा जिवाचा मूळ स्वभावच आहे. शिकावे लागते ते दुसरेच. आपण काही केले तर त्याने काही बदलते, हे शिकावे लागते.

शिक्षक म्हणून हे वाचताना मी चपापलो. वर्गात कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण विचारतो, “तुला कोणी काही बोललं का? मग घाबरतोस कशाला?” जणू भीती ही काहीतरी घडल्यावरच उगवते, आणि घडणे थांबले की आपोआप मावळते! तारेला आमच्या घरात कोणी मारले नव्हते, हे खरे. पण न मारणे म्हणजे विश्वास देणे नव्हे. तिच्या हालचालीने या घरात काही बदलते, तिने ‘नको’ म्हटले तर आमचा हात मागे जातो, हे तिला अजून कोणी दाखवलेच नव्हते. आम्ही तिला अन्न देत होतो, निवारा देत होतो आणि नकार देण्याची सोय तेवढी ठेवली नव्हती.

इथे मला महाभारतातल्या त्या कुत्र्याची आठवण होते. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, भाऊ पडले, आणि युधिष्ठिराबरोबर शेवटी एक कुत्रा उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणाला, भक्ताचा त्याग करणे हे ब्रह्महत्येइतके पाप आहे. मी याला सोडून येणार नाही. लहानपणापासून ही कथा मला पूर्ण वाटत आली होती. तारा आल्यावर ती अपुरी वाटू लागली. युधिष्ठिराचा कुत्रा आपण होऊन मागे आला होता. त्याची निष्ठा आधी सिद्ध झाली होती आणि मग त्याला सोडायचे की नाही हा प्रश्न आला. माझ्या घरातल्या कुत्रीने मला निवडले नव्हते. ती माझी भक्त नव्हती, मला शरण आलेली नव्हती, आणि माझ्यावर तिचे प्रेम तर मुळीच नव्हते. मग तिच्याविषयी माझे कर्तव्य कमी की जास्त? आपला रोजचा व्यवहार सांगतो, कमी. जो आपला झाला नाही त्याचे आपण काय देणे लागतो? पण विचार केला की उलटे दिसते. जो आपण होऊन आला त्याने निदान येण्याचा निर्णय घेतलेला असतो. ज्याला आपण आणले त्याच्या बाबतीत सगळे निर्णय आपले. म्हणून सगळी जबाबदारीही आपली.

हे शहाणपण मात्र मला वेळेवर सुचले नाही. तेराव्या दिवशी ताराने मामींच्या अंथरुणावर घाण केली, आणि ती काढायला गेलेल्या माझ्या पत्नीवर दात विचकून गुरगुरली. चावली नाही, पण त्या रात्री मी निवाऱ्यात फोन लावला. “आमच्या घरात तिचं जमत नाही. आम्ही सगळं केलं. रविवारी आणून सोडतो,” असे मी म्हणालो. पलीकडचा माणूस रागावला नाही. म्हणाला, “आणा. जागा आहे. पण परत आलेलं कुत्रं पुन्हा लवकर कोणी नेत नाही, एवढं ध्यानात असू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी अंघोळ करून, नेसूचे बदलून, पिशवी भरून दाराशी बसल्या होत्या.

मामींविषयी सांगायला हवे. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि आईने मला मामांकडे ठेवले. दहावी होईपर्यंत मी त्या घरात वाढलो. मामामामींनी मला कधी उपाशी ठेवले नाही, कधी हात उगारला नाही. सगळे गाव म्हणे, काय गुणी पोर आहे! आणि मी खरोखरच गुणी होतो. सांगितलेले काम करायचो, न सांगितलेलेही करायचो. आंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायचो. पानात वाढतील तेवढे खायचो. पुन्हा वाढायला आल्या की “पुरे” म्हणायचो. मामेभाऊ भांडायचा, रुसायचा, डब्यातले लाडू पळवून मार खायचा. मी एकही लाडू कधी पळवला नाही. आज मला ठाऊक आहे की तो गुण नव्हता. तो पिंपामागचा कोपरा होता. एकदा परीक्षेचा निकाल हाती घेऊन मी मुकाट्याने उभा होतो तेव्हा मामी शेजारणीला म्हणाल्या होत्या, “इतकं करूनही याला काही नाही बघा, हसणं नाही की बोलणं नाही.” ते वाक्य मी इतकी वर्षे विसरलो होतो. तारासमोर उकिडवा बसलेला असताना ते माझ्याच मनात, माझेच होऊन आले होते.

दहावीला मला बरे गुण मिळाले. पुढे शिकायची इच्छा होती. पण मागायचे कसे? त्यांनी आपण होऊन विचारले असते तर मी हो म्हटले असते. त्यांनी विचारले नाही. मी कॉलेजचा फॉर्म आणलाच नाही आणि एका छापखान्यात कामाला लागलो. आज मी मुलांना शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. पण माझे स्वतःचे शिक्षण तिथेच थांबले ते थांबले.

मामा गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मामी ‘चार दिवस’ म्हणून आमच्याकडे आल्या. मुलाच्या घरी पुण्यात जागा अपुरी होती; त्याविषयी मी अधिक बोलणे बरे नव्हे. त्या राहिल्या. आणि मी मोठ्या समाधानाने पाहत होतो की मामी किती शहाण्यासारख्या राहतात! पंखा लावायचा तर विचारतात. स्वतःचे पातळ स्वतः धुतात. आमटी कशी झाली विचारले की “छान आहे हो” म्हणतात. आपण त्यांचे ऋण फेडतो आहोत असे मला वाटत होते.

त्या सकाळी मी विचारले, “मामी, हे काय? कुठे निघालात?”

“कुठे नाही रे. बहिणीकडे जाऊन येते थोडे दिवस. तुमचीही ओढाताण होते.”

मला काही केल्या कळेना. मग एकदम कळले. त्यांनी रात्री माझा फोन ऐकला होता. ‘आम्ही सगळं केलं, आमच्या घरात जमत नाही, आणून सोडतो’ हे शब्द मी कुत्र्याविषयी बोललो होतो. पण घरातून एकाला परत पाठवण्याची भाषा झाली, की त्या घरात जितके आश्रित असतील तितके सगळे ती ऐकतात. प्रत्येक जण आपापली पिशवी कुठे आहे ते मनातल्या मनात चाचपून पाहतो.

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि, आजवर कधी बोललो नव्हतो ते, न ठरवता बोलून गेलो. “मामी, तुमच्या घरी मला पुढे शिकायचं होतं. मी मागितलं नाही.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी भिशी लावली होती तुझ्या कॉलेजसाठी. दोन वर्षं. तू मागशील म्हणून वाट बघितली. तू नाव काढेनास, मला वाटलं तुला नकोच असेल. मग त्या पैशांतनं पिठाची चक्की घेतली.”

ती चक्की मी पाहिली होती. तिच्यावर कित्येकदा दळणही दळून आणले होते.

या गोष्टीत दुष्ट कोणीच नाही, हेच तिचे दुःख आहे. देणारी द्यायला तयार होती, घेणाऱ्याला हवे होते. मधे एक शब्द अडला. देणाऱ्याला वाटते, हवे असेल तर मागेल. आश्रिताला वाटते, मागितले तर आहे तेही जाईल. आपण कृतज्ञता म्हणून ज्याचे कौतुक करतो त्यातली पुष्कळशी ही अशी अडलेल्या शब्दांची शांतता असते. म्हणून मला आता वाटते की एखाद्याला आसरा दिल्यावर त्याच्याकडून आभाराची वाट पाहणे चूक आहेच, पण त्याने मागावे म्हणून वाट पाहणे हीही चूकच आहे. मागण्याचे धैर्य हे घर मिळाल्यावर येते. घर मिळवण्यासाठी ते वापरता येत नाही.

रविवारी आम्ही निवाऱ्याकडे गेलो नाही. त्या दिवसापासून ताराचे काम मामींनी हाती घेतले, म्हणजे काही केलेच नाही. दुपारी त्या न्हाणीघराच्या दाराशी पाट टाकून, तिच्याकडे पाठ करून, तांदूळ निवडत बसत. हाक नाही, हात लावणे नाही. कधी भाकरीचा तुकडा बाजूला पडे; कोणासाठी पडला हे त्या पाहत नसत. चौथ्या-पाचव्या दिवशी पिंपामागून एक नाक बाहेर आले. दोन आठवड्यांनी तारा पाटापासून हातभर अंतरावर झोपू लागली. हात पुढे केल्यावर तिने मान फिरवली तर हात मागे घ्यायचा, असा आम्ही घरात नियम केला. मुलीने तो सर्वांत काटेकोर पाळला. खराटा परसातल्या भिंतीमागे गेला. दर तासा-दोन तासांनी तिला बाहेर नेऊ लागलो आणि घरातली घाण थांबली. उंबरा ओलांडायला तिला सगळा पौष लागला. पहिल्यांदा ओलांडला तेव्हा ती उन्हात जेमतेम मिनिटभर उभी राहिली आणि धावत आत आली. पण आत येताना शेपटी पायांत नव्हती.

आणि मग, होळीच्या आधी, चोरी झाली. तिवईवर भाकऱ्यांची दुरडी होती. पत्नी क्षणभर बाहेर गेली, आणि ताराने वरची भाकरी उचलली. पळून जाऊन पिंपामागे दडली नाही. माजघराच्या मधोमध, सगळ्यांसमोर बसून तिने ती खाल्ली. पत्नीने “अगं ए!” म्हणून आवाज चढवला तेव्हा तिने एकदा वर पाहिले आणि पुन्हा खाऊ लागली. मामी हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या म्हणाल्या, “आता ही घरची झाली.”

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कुत्रे भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. देवा, कोरडी खाऊ नको. कीर्तनात या गोष्टीचा अर्थ सांगतात की सर्वाभूती परमेश्वर आहे. तो अर्थ मोठाच आहे. पण मला तीत आणखी एक साधा अर्थ दिसू लागला आहे. नामदेवांनी त्या कुत्र्याला भाकरी ‘दिली’ नाही. त्याने ती घेतली, आणि नामदेवांनी ते घेणे मान्य केले. दिलेल्या भाकरीला देणाऱ्याचा हात चिकटलेला असतो. घेतलेली भाकरी घेणाऱ्याची असते. घर म्हणजे जिथे आपल्याला मिळते ती जागा नव्हे. जिथे विचारल्यावाचून दुरडीला हात घातला तरी आपण चोर ठरत नाही, ती जागा.

यावर कोणी म्हणेल, हे लाड झाले. उद्या कुत्री शेजाऱ्याच्या पोराला चावेल तेव्हाही तुपाची वाटी घेऊन धावणार काय? नाही. ताराला दरवर्षी रेबीजची लस टोचायची आहे, कारण त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस काय, कुत्रे काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. रस्त्यावर तिच्या गळ्यात पट्टा असतो आणि त्याचे टोक माझ्या हातात असते. भाकऱ्यांची दुरडीही आता फळीवर असते. घराला शिस्त असते आणि ती घरच्यांना असायलाच हवी. किंबहुना शिस्त लावता येते ती घरच्यालाच; उपऱ्याला फक्त धाक दाखवता येतो. माझा मामेभाऊ लाडवांसाठी मार खात होता तेव्हा हे घर सुटेल अशी शंकाही त्याच्या मनात येत नव्हती. रागावणे वेगळे आणि घालवून देणे वेगळे. ज्या घरात प्रत्येक रागावण्यामागे घालवून देण्याची सावली असते तिथे कोणीही काही शिकत नाही. फक्त अपराधी चेहरा करायला शिकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने 2009 मध्ये असे दाखवून दिले आहे की कुत्र्याचा तो ‘चुकलो हो’ असा केविलवाणा चेहरा त्याने खरोखर चूक केली की नाही यावर अवलंबून नसतो. मालक रागावला की नाही यावर असतो. आम्ही त्याला पश्चात्ताप समजत आलो. मी मुलांच्या चेहऱ्यांवरही कित्येक वर्षे तोच पश्चात्ताप वाचीत आलो आहे, आणि त्यातले किती चेहरे निरपराध होते, हे आता शोधून काढायला मार्ग नाही.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतला. ज्या बाईने मला वाढवले तिची गोष्ट एका कुत्रीच्या गोष्टीत गुंफणे बरे दिसते काय? लेख लिहून झाल्यावर मी तो मामींना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “कुत्रीचं काय वाईट वाटायचंय? पण ती आमटी छान असते असं मी म्हणत होते ते लिहिलंस, तर खरं काय तेही लिही. तुमच्याकडे मीठ कमी घालतात.”

दोन वर्षांत त्यांनी आमच्या स्वयंपाकाला ठेवलेले हे पहिले नाव. पत्नी क्षणभर गोरीमोरी झाली, आणि मग आम्ही सगळेच हसलो.

एवढ्याने सगळे बरे झाले असे मात्र नाही. मामी अजूनही कधी कधी पंखा लावताना माझ्याकडे पाहतात. ‘मामी, तू’ असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. चाळीस वर्षांचे ‘तुम्ही’ असे एका वर्षात सुटत नाही. तारा अजून अनोळखी पुरुषाचा आवाज ऐकला की पिंपामागे जाते. दिवाळी जवळ आली आहे. माणसाला वीस हजार कंपनांच्या पलीकडचा आवाज ऐकू येत नाही. कुत्र्याचा कान चाळीस हजारांच्याही पुढे जातो. आमच्या गल्लीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री जे वाजते ते तिला कसे ऐकू येत असेल, याची मला कल्पना करवत नाही. त्या रात्री तिने कुठे राहायचे, हे मात्र आमच्या घरात ठरून गेले आहे. मामींनी आपल्या खाटेखाली जुनी गोधडी पसरून ठेवली आहे, खिडकीला जाड चादर लावली आहे आणि आम्हाला बजावून सांगितले आहे की त्या रात्री कोणी तिच्या खोलीत डोकावायचे नाही.

अनारशांचे पीठही त्यांनी परवा आपल्या हाताने भिजवले. विचारले नाही कोणाला.